माणसाचं एक वर्ष कितीला?

(युवक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलणं बोलण्यासारखंच ठेवलं आहे. मधली प्रश्नोत्तरं जागेअभावी गाळली आहेत.)



फळ्यावर विषय लिहिलाय, 'गरीब देशांतल्या विकास कार्यक्रमांची किफायत कशी मोजतात'. तो वाचून मागच्या रांगेतले दोघंतिघं उठायच्या तयारीत दिसतायत. बसा. विषय कोरडा वाटतो, पण या विषयात मढी पडलेली आहेत. लाखांनी पडलेली आहेत. कुणाला औषध द्यायचं आणि कुणाला मरू द्यायचं, हे वॉशिंग्टनला आणि जिनिव्हाला गार हवेच्या खोलीत बसून ज्या वहीवर ठरतं, ती वही आज उघडून बघायची आहे.

आपल्यात या वहीबद्दल दोन मतं आहेत. एक मत असं की हिशेब ही बनियागिरी आहे, आम्हाला न्याय पाहिजे, टक्केवारी नको. दुसरं मत आपल्यातल्याच शिकून वर गेलेल्या पोरांचं. एनजीओत लागलेले, लॅपटॉपवाले. ते म्हणतात, भावना बाजूला ठेवा, आकडे काय सांगतात ते बघा. मला दोन्ही मतं लंगडी वाटतात. पहिल्यांना एवढंच विचारतो, बाबासाहेबांनी कोलंबियात आणि लंडनला बसून काय केलं? १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर पुस्तक काढलं, १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या अर्थकारणावर. कर कुणाकडून उचलला, तो कुणाच्या हातात गेला, खर्च कशावर झाला, याचा पै पैचा हिशेब त्या माणसानं साहेबाच्याच कागदांतून काढला. हिशेबाला भिणारा माणूस पुढं घटना लिहीत नाही. आणि दुसऱ्यांना विचारायचं ते हे, की आकडे सांगतात म्हणजे कोण सांगतं? आकड्याला तोंड नसतं. त्याच्या तोंडी शब्द घालणारा कुणीतरी असतो. तो कुठं राहतो, काय खातो, त्याचं कोण मेलंय, हे विचारायला लागा.

आधी हत्यार काय आहे ते समजून घेऊ. याला ते कॉस्ट-इफेक्टिव्हनेस म्हणतात. आपल्या चाळीतली बाई भाजीबाजारात रोज तेच करते. वीस रुपयांत पावशेर कोबी घ्यायचा का दोन जुड्या मेथी, घरात खाणारी तोंडं किती, पोट कशानं भरेल. एवढंच. आता कोबी-मेथीच्या जागी क्षयाची औषधं आणि विहीर, मच्छरदाणी आणि शाळा, असं धरा. पण मच्छरदाणीची आणि शाळेची तुलना करायची कशी? दोन्हीला एकच माप पाहिजे. ते माप १९९३ साली जागतिक बँकेनं आपल्या वार्षिक अहवालात सगळ्या जगापुढं मांडलं. त्याचं नाव डॅली. माणूस वेळेआधी मेला तर त्याची जेवढी वर्षं बुडाली ती, आणि जिवंत राहून आजारानं-अपंगपणानं जेवढी वाया गेली तीही, अशी बेरीज करायची. मग म्हणायचं, या कार्यक्रमानं इतकी वर्षं वाचवली, इतका पैसा लागला, म्हणजे एक वर्ष इतक्याला पडलं. ज्याचं वर्ष स्वस्त पडतं त्याला पैसा आधी.

मी म्हणत नाही की हे मापच खोटं आहे. क्षय, हगवण, गोवर, बाळंतपणातलं मरण, गरिबाला मारणारे हे आजार श्रीमंत जगाच्या डोळ्यांपुढं आकड्यात उभे राहिले ते अशा मोजणीमुळंच, हे नाकबूल करता येणार नाही. पण मापाच्या आत काय भरलं होतं ते ऐका. सुरुवातीच्या हिशेबात सगळ्या वयांची वर्षं सारखी नव्हती. पंचविशीच्या आसपासचं वर्ष सगळ्यात मोलाचं. तान्ह्या पोराचं कमी, म्हातारीचं कमी. का? तर जवान माणूस कमावतो, दुसऱ्यांना पोसतो. म्हणजे माणूस राबतो तेव्हा त्याला किंमत. बैलबाजारात दात बघतात, तसं. शिवाय पुढं येणारं वर्ष आजच्या वर्षाहून स्वस्त धरायचं, दरसाल तीन टक्क्यांनी. त्या हिशेबात आजपासून चोवीस वर्षांनी येणारं वर्ष निम्म्यालासुद्धा जात नाही. पोराला आज टोचलेल्या लशीचं फळ तो चाळिशीत खाणार, तर ते फळ आधीच व्याजात गेलं. या दोन्ही गोष्टींवर इतका गदारोळ झाला की २०१२ साली छापलेल्या नव्या जागतिक मोजणीतून त्या काढून टाकल्या. म्हणजे एकोणीस-वीस वर्षं जे 'शास्त्र' म्हणून चाललं, ते कुणाचंतरी मत होतं. बदलता येण्यासारखं होतं. ध्यानात ठेवा.

आणखी एक गंमत. वर्ष कितीला पडलं हे कळलं, पण ते महाग का स्वस्त हे कसं ठरवायचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या लोकांनी २००१ नंतर एक सोपा गज दिला. त्या देशाचं दरडोई वार्षिक उत्पन्न घ्या. वर्ष त्याच्या आत पडलं तर फार किफायतशीर, तिपटीपर्यंत पडलं तर किफायतशीर, त्यापुढं नाही. सोपा गज, सगळ्यांना आवडला. आता त्याच गजानं मलावीतल्या बाईचं एक वर्ष मोजा. देशाचं दरडोई उत्पन्न काही शे डॉलर, तर तिच्या वर्षाची परवडणारी किंमतही तेवढ्याच पटीत. आणि इंग्लंडात सरकारी औषधं ठरवणारी संस्था वर्षानुवर्षं एका धडधाकट वर्षासाठी वीस ते तीस हजार पौंडांपर्यंत जायला तयार होती. गरीब आहे म्हणून स्वस्त, आणि स्वस्त आहे म्हणून गरीबच ठेवायचा. २०१६ साली त्याच आरोग्य संघटनेच्या मासिकात तिथल्याच लोकांनी लिहिलं की हा गज निर्णयासाठी एकटा वापरू नका. लिहिलं, बरं केलं. तोवर पंधरा वर्षं तो गज चालवून झाला होता.

एक माणूस, एक मत, एक मूल्य हे आपण बाबासाहेबांकडून शिकलो. या गजात मूल्य पासपोर्ट बघून ठरतं.

आता मुख्य गोष्टीकडं येतो, एड्सच्या औषधाकडं. ही मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण तिचा एक धागा आपल्या नागपाड्या-कामाठीपुऱ्याच्या दारातून गेलाय.

१९९६ साली व्हँकूवरच्या परिषदेत जगाला कळलं की तीन औषधं एकत्र घेतली तर एड्सचा रोगी मरत नाही. उठून कामाला लागतो. अमेरिकेत, युरोपात मरणं धाडकन खाली आली. औषधाची किंमत माणशी वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर. २००० साली सहाराच्या दक्षिणेला आफ्रिकेत सुमारे अडीच कोटी लोक या विषाणूसह जगत होते. त्यांचं काय करायचं? वही उघडली. दहा हजाराला एक माणूस, छे, महाग. निरोध वाटा, रक्त तपासा, प्रबोधन करा, ते स्वस्त. ज्यांना लागण झाली त्यांचं? त्यांच्यापुढं वहीत रकाना कोरा.

वर आणखी एक कारण दिलं जायचं, ते ऐकून तुम्हाला आपल्या गावाची आठवण येईल. २००१ साली अमेरिकेच्या मदतसंस्थेचा, युसएडचा प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस वर्तमानपत्रवाल्यांना म्हणाला की आफ्रिकेतल्या पुष्कळ लोकांना घड्याळ माहीत नाही, ते वेळ तशी मोजतच नाहीत, तर वेळेवर गोळ्या कशा घेतील? 'त्यांना काय कळतंय' हे आपण कुठं ऐकलं? पाटलाच्या ओसरीवर ऐकलं, शाळेत मास्तराकडून ऐकलं, मेरिटच्या चर्चेत अजून ऐकतोय. पुढं २००६ साली अमेरिकेतल्या वैद्यक संघटनेच्या मासिकात सगळे अभ्यास एकत्र करून आकडा आला. गोळ्या नीट घेणारे रोगी उत्तर अमेरिकेत शंभरात पंचावन्न, सहाराखालच्या आफ्रिकेत शंभरात सत्त्याहत्तर. घड्याळवाल्यांपेक्षा बिनघड्याळवाले वक्तशीर निघाले. हा आकडाच होता बरं का. हिशेबाला शिव्या घालणाऱ्यांनी इथं जरा थांबावं.

आता वहीतला पहिला आकडा बघू, तो दहा हजार डॉलरचा. तो कुठून आला? गोळी बनवायला दहा हजार लागत नव्हते. तो मक्तेदारीचा, म्हणजे पेटंटचा आकडा होता. आपल्याकडं १९७० साली पेटंटचा नवा कायदा झाला, त्यात औषधावर पेटंट मिळायचं नाही, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळायचं. दुसऱ्या पद्धतीनं तीच गोळी बनवा, मोकळीक. हा कायदा अंमलात आला १९७२ साली. त्याच साली या मुंबईत पँथरनं पहिली डरकाळी फोडली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण साल लक्षात राहायला बरं.

त्या कायद्याच्या जोरावर सिप्ला नावाची कंपनी, १९३५ साली निघालेली, जिचं मुख्य ऑफिस तेव्हा मुंबई सेंट्रलला होतं, तिचा युसुफ हमीद फेब्रुवारी २००१ मध्ये म्हणाला, तीन औषधांचा संच वर्षाला साडेतीनशे डॉलरला देतो. दिवसाला एक डॉलर. ही किंमत त्यानं 'सीमा नसलेले डॉक्टर' या संघटनेला दिली, सरकारांना जास्त. मग तिन्ही औषधांची एकच गोळी काढली, दिवसातून दोनदा घ्यायची. दहा हजारांवरून साडेतीनशे! मधल्या काळात रोग बदलला नव्हता, रोगी बदलला नव्हता, शास्त्र तेच होतं. फक्त एका मक्त्याला धक्का बसला आणि 'किफायतशीर नाही' म्हणून मरायला सोडलेला माणूस अचानक किफायतीच्या जवळ आला. मग सांगा, आधीचा आकडा कशाचं माप होता? रोग्याच्या जिवाचं का कंपनीच्या नफ्याचं?

हमीदला मी संत करत नाही. कंपनी आहे, धंदा करते. पण हा धंदासुद्धा आपोआप आफ्रिकेत पोचला नाही. दक्षिण आफ्रिकेनं १९९७ साली स्वस्त औषधं आणता यावीत म्हणून कायदा केला. औषध कंपन्यांनी १९९८ साली सरकारला कोर्टात खेचलं. खटल्यात प्रतिवादी म्हणून नाव कुणाचं, तर राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेलांचं! सत्तावीस वर्षं तुरुंगात काढलेल्या माणसावर कंपन्यांचा दावा. त्याच वर्षी १० डिसेंबरला तिथल्या रोग्यांनी ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन उभं केलं. त्यांचा पुढारी झॅकी अखमत स्वतः रोगी. तो म्हणाला, माझ्या गरीब भावंडांना सरकारी दवाखान्यात गोळी मिळत नाही तोवर मीही घेणार नाही. आणि खरोखर वर्षानुवर्षं घेतली नाही, २००३ पर्यंत. मोर्चे निघाले, जगभर निघाले. एप्रिल २००१ मध्ये एकोणचाळीस कंपन्यांनी शेपूट घालून दावा मागं घेतला. पुढं सरकारशीही लढावं लागलं, कारण थाबो म्बेकी नावाचा राष्ट्राध्यक्ष विषाणूमुळं एड्स होतो हेच मानायला तयार नव्हता. हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ साली हिशेब मांडला की औषधाला केलेल्या त्या टाळाटाळीनं २००० ते २००५ या काळात सव्वातीन लाखांहून जास्त माणसं गेली. काळा राष्ट्राध्यक्ष, काळी मढी. आपला माणूस खुर्चीवर बसला म्हणजे काम झालं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे पाठ करावं.

आणि आमच्या इथं? मुंबई सेंट्रलच्या त्या ऑफिसापासून कामाठीपुरा चालत जाण्याइतका. त्या गल्ल्यांत बाया किडामुंगीसारख्या मरत होत्या. त्यांच्या जाती विचारा, गाव विचारा, उत्तर कर्नाटकातल्या देवदासींपासून नेपाळातल्या गरीब पोरींपर्यंत. हिंदुस्थानची गोळी आफ्रिकेला निघाली २००१ मध्ये. आपल्या सरकारी दवाखान्यांत ती फुकट मिळायला लागली १ एप्रिल २००४ ला, तीही सुरुवातीला सहा राज्यांतल्या आठ दवाखान्यांत. तीन वर्षं! या तीन वर्षांचा हिशेब कुठल्या वहीत आहे? माल इथला, मरण इथलं, आणि मधला रस्ता ओलांडायला तीन वर्षं.

औषध स्वस्त झाल्यावरही वहीवाले थांबले नव्हते. २००२ साली 'लॅन्सेट' या मोठ्या मासिकात लेख आला की आफ्रिकेत उपचारापेक्षा प्रतिबंध किमान अठ्ठावीस पट किफायतशीर, म्हणून आधी प्रतिबंध. ते लेखक काही राक्षस नव्हते. त्यांच्या म्हणण्यात दमही होता. कारण नुसत्या गोळ्या वाटून साथ थांबत नव्हती. दोघांवर उपचार सुरू होईतो पाच नवे लागण होऊन येतायत, असं काही वर्षांनी संयुक्त राष्ट्रसंघालाही सांगावं लागलं. पण त्यांच्या हिशेबाचे दोन पाय कच्चे होते. एक, पैशाचा घडा ठराविक धरला. एवढंच पाणी आहे, कुणाला पाजायचं ते ठरवा. घडा लहान का, तो कुणी लहान ठेवला, हा प्रश्न वहीबाहेर. प्रत्यक्षात लोक रस्त्यावर उतरले आणि घडा मोठा झाला. २००२ साली ग्लोबल फंड निघाला, २००३ साली बुशनं, हो, त्या युद्धखोर बुशनं, पाच वर्षांसाठी पंधरा अब्ज डॉलर जाहीर केले. दोन, उपचार एका खणात आणि प्रतिबंध दुसऱ्या खणात, अशी मांडणी. २०११ साली मोठ्या चाचणीचा निकाल आला की रोग्याला लवकर गोळ्या सुरू केल्या तर त्याच्यापासून जोडीदाराला होणारी लागण शहाण्णव टक्क्यांनी घटते. म्हणजे उपचार हाच प्रतिबंध. दोन खणांमधली भिंतच पडली. अठ्ठावीस पट गेली वाऱ्यावर.

आज जगात तीन कोटींहून जास्त माणसं या गोळ्यांवर जगतायत. २०२३ साली ग्लोबल फंडानं वर्षाच्या गोळ्या पंचेचाळीस डॉलरच्या आत आणल्या. दहा हजाराचे पंचेचाळीस. सगळे जण वही बघून गप्प बसले असते तर?

मात्र हा तर्क फक्त औषधाचा नाही. १९९१ च्या डिसेंबरात जागतिक बँकेचा मुख्य अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स याच्या सहीनं एक टिपण बँकेत फिरलं. त्यात म्हटलं होतं की विषारी कचरा सर्वांत कमी मजुरीच्या देशात टाकण्याचा अर्थशास्त्रीय तर्क बिनतोड आहे, कारण आजारानं-मरणानं तिथं बुडणारी कमाई कमी. टिपण फुटलं, बोंब झाली, मग म्हणाले की तो उपरोध होता. असेल. पण तर्क ओळखीचा आहे का नाही? गावातलं मेलेलं ढोर कुणाच्या दारातनं जायचं? मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनारला पडत आला. ज्या साली महाडला तळ्याचं पाणी प्यायलो त्याच सालापासून. आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी कुणाच्या झोपड्या? समर्सला वॉशिंग्टनला जाऊन शिकावं लागलं, आपल्याकडं मनूच्या वेळेपासून पाठ आहे.

गटाराचंच घ्या. हातानं मैला उचलायला लावण्यावर १९९३ पासून कायद्यानं बंदी, २०१३ च्या आणखी कडक कायद्यानं माणसाला बिनसाधनांचं आत उतरवण्यावरही. तरी उतरवतात. का? कंत्राटदाराला विचारा, मशीन परवडत नाही म्हणतो. मशीन महाग का, तर माणूस स्वस्त. माणूस स्वस्त का, तर त्याची जात. म्हणजे जातीनं आधी मजुराची किंमत पाडायची आणि मग त्या पाडलेल्या किमतीवर हिशेब करून म्हणायचं की मशीन किफायतशीर नाही. सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याची भरपाई २०१४ साली दहा लाख ठरवली, २०२३ साली तीस लाख केली. मला ह्यात एकच चांगलं दिसतं, की मरण महाग झालं तर कदाचित मशीन स्वस्त वाटायला लागेल. पण त्यासाठी ते तीस लाख खरोखर वसूल व्हायला पाहिजेत, आणि कंत्राटदाराच्या खिशातून. नाहीतर कागद.

आता उलट बाजू. इथं काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. मोजणी आपल्या बाजूनंही चालते, आणि ती आपण शिकलो नाही तर सगळ्यात जास्त नागवले आपणच जातो. कारण गरिबांच्या नावानं पैसा उधळणारे सगळेच दुष्ट नसतात, पुष्कळसे हौशी असतात.

दक्षिण आफ्रिकेत एक कल्पना निघाली. पोरांच्या खेळण्यातलं गोल फिरणारं चाक हापशाला जोडायचं, पोरं खेळतील आणि पाणी वर येईल. फोटो झकास! २००६ साली अमेरिकेत बुशबाईंनी जाहीर केलं, दीड कोटी डॉलरहून जास्त मदत, २०१० पर्यंत चार हजार पंप. एका पंपाला चौदा हजार डॉलर, साध्या हापशाच्या सुमारे चौपट. काही गावांत चांगला चालणारा हापसा उपटून तिथं हे चाक बसवलं. मग २००९ साली इंग्लंडातल्या 'गार्डियन'नं साधं त्रैराशिक मांडलं. एका पंपावर अडीच हजार माणसं, माणशी पंधरा लिटर, तर पोरांना दिवसाला सत्तावीस तास खेळावं लागेल. दिवसाला सत्तावीस तास! पोरं खेळून दमली की चाक ढकलणार कोण? म्हाताऱ्या बायका ढकलायच्या, गोल गोल, घाण्याच्या बैलासारख्या. कुणी त्यांना आधी विचारलं नव्हतं.

याच्या शेजारी आपला हापसा ठेवा. साठ-सत्तरच्या दशकात दुष्काळी भागात परदेशी बनावटीचे बिडाचे पंप धडाधड मोडायचे. एका कुटुंबासाठी केलेला पंप, त्यावर सगळं गाव. तेव्हा आपल्याच मराठवाड्यात जालन्याला आणि इकडं सोलापुरात मिशनच्या वर्कशॉपांत पोलादी पंप घडवले गेले. त्या सोलापूर पंपावरून पुढं युनिसेफच्या मदतीनं इंडिया मार्क टू निघाला, आणि तो नुसता इथं नाही, आफ्रिकेत गेला. लोखंडी, बोजड, फोटोत काही खास दिसत नाही. पण दर माणशी दर वर्षी काय पडतो ते मोजा, आणि कोण जिंकतं बघा. अर्थात हापसा बसला म्हणजे पाणी मिळालं असं नाही. तो कुणाच्या आळीत बसला, दांडा कोण धरू शकतं, आपल्या बाईचा हंडा लागला म्हणून दुसरी बाई पंप धुऊन घेते का, हे 'दर माणशी' मध्ये येत नाही. म्हणून म्हणतो, मोजणाऱ्यांत आपला माणूस पाहिजे. तो हे विचारेल.

आणखी एक उदाहरण, ते मला फार आवडतं. राजस्थानात उदेपूरकडच्या गावांत लसीकरणाचा अभ्यास झाला, २०१० साली छापला गेला. ज्यांना पुढं नोबेल मिळालं ते बॅनर्जी आणि डुफ्लो त्यात होते. एकशे चौतीस गावं. काहीच वेगळं केलं नाही त्या गावांत पुरं लसीकरण झालेली पोरं शंभरात सहा. दर महिन्याला नक्की भरणारं शिबिर ठेवलं तिथं अठरा. शिबिर अधिक प्रत्येक लशीमागं किलोभर डाळ, आणि सगळ्या लशी पुऱ्या झाल्या की थाळ्या, तिथं एकोणचाळीस. आता एखादा साहेब म्हणेल, डाळ वाटता? खर्च वाढवता? खर्च घटला! एका पोरामागं डाळीशिवाय छप्पन्न डॉलर, डाळीसकट अठ्ठावीस. कसा? नर्सबाईचा पगार, गाडी, शिबिर हा खर्च पाच पोरं आली तरी तेवढाच, पन्नास आली तरी तेवढाच. डाळीमुळं पोरं वाढली, पोरामागचा खर्च निम्मा झाला. गरिबाला थोडं जास्त दिलं तर स्वस्त पडतं, हे ओरडून सांगून कुणी ऐकलं नसतं. त्रैराशिकानं ऐकलं.

पण इथंही एक गोम आहे. त्याच भागात त्याच मंडळींनी आधी पाहणी केली होती, तर सरकारी उपकेंद्रं निम्म्याहून जास्त वेळ कुलपात. डाळ मोजायला चाचणी झाली, कुलपाची जबाबदारी कुणाची हे कुठल्याच चाचणीत येत नाही. चाचणी सांगते की अमुक केलं तर तमुक होतं. कुणी करायला पाहिजे होतं आणि केलं नाही, हे सांगायला मोर्चा लागतो.

अमेरिकेच्या त्या पंधरा अब्जांतही असंच. प्रतिबंधाचा जो पैसा होता त्यातला तिसरा हिस्सा सुरुवातीची काही वर्षं 'लग्नाआधी संबंध नको, लग्नानंतर इमान राखा' या उपदेशाला बांधलेला. चर्चचा दबाव. २०१६ साली संशोधकांनी मोजलं, एक अब्ज चाळीस कोटी डॉलरहून जास्त पैसा त्यात गेला आणि लोकांच्या वागण्यात फरक शून्य. तेवढ्या पैशात किती गोळ्या? इथं हिशेब क्रांतिकारक ठरतो. उपदेशकाचा बुरखा फाडतो.

आणि आता ताजी गोष्ट. २० जानेवारी २०२५ ला डोनाल्ड ट्रम्पनं गादीवर बसता बसता परदेशी मदत नव्वद दिवस गोठवली. १ जुलै २०२५ पासून युसएड संपलं, उरलंसुरलं परराष्ट्र खात्यात गेलं. मधल्या महिन्यांत आफ्रिकेत दवाखान्यांना टाळी लागली, आरोग्यसेविकांच्या नोकऱ्या गेल्या. त्याआधी कुणी डॅली मोजले होते? कुणी वही उघडली होती? आपल्याला तीस वर्षं सांगत होते की पुराव्यावर चाला, किफायत दाखवा. दाखवली. पंचेचाळीस डॉलरात माणूस वर्षभर जगतो हे दाखवलं. एका सहीत बंद! म्हणजे हिशेब आपण द्यायचा, त्यांनी द्यायचा नाही.

मदतीवर जगणाऱ्याचं हे असंच होणार, हे आपल्याला नवं नाही. म्हणून दानाची भाषा सोडून हक्काची धरायची, हे बाबासाहेब सांगून गेले. पण हक्काच्या पैशाचंही काय चाललंय? लोकसंख्येच्या प्रमाणात अनुसूचित जातींसाठी वेगळा निधी, ही विशेष घटक योजना १९७९-८० पासून आहे. तो कुठं जातो? २०२५ साली महाराष्ट्रात सामाजिक न्याय खात्याचा पैसा लाडक्या बहिणीकडं वळवला, आणि ओरड कुणी केली, तर खात्याच्या मंत्र्यानंच! आपण पेपरात वाचून चहा पीत बसलो. बहिणीला पैसे मिळावेत, त्याला विरोध नाही. पण कुणाच्या ताटातून? वसतिगृहाच्या? शिष्यवृत्तीच्या? हे आकडे विधिमंडळाच्या पुस्तकांत छापलेले असतात. जाड पुस्तकं, कंटाळवाणी. मुद्दाम कंटाळवाणी.

तर पुढच्या रविवारी भाषण नाही. राज्याच्या अंदाजपत्रकातली सामाजिक न्याय खात्याची मागच्या तीन वर्षांची पानं काढून आणायची आहेत, चार जणांनी हात वर करा. माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा ते ताई दाखवणार आहेत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प प्रत्येकानं आणावा. वसतिगृहातल्या पोरांनी एवढंच करायचं, आपल्या खोलीत किती जण, जेवणाला दरमहा किती मिळतात, किती दिवस उशिरा मिळतात, हे तारीखवार लिहून आणायचं. कॅलक्युलेटर मोबाईलमध्ये असतोच.

आता विचारा. मघाशी उठणार होता तो पहिला.